मैदा, मेदा आणि मेद

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वावरणाऱ्याला तीन शब्दांची नेहमी गंमत वाटते. ‘मैदा’ हा फारसीतून आलेला शब्द. अर्थ बारीक दळून चाळलेले पांढरे पीठ. ‘मेदा’ हा अरबीतून उर्दूत आलेला; अर्थ जठर. आणि ‘मेद’ हा संस्कृतातून मराठीत आलेला, अर्थ चरबी. तिघांची कुळे वेगळी, आपसात नातेगोते काही नाही. पण रमजानच्या संध्याकाळी मगरीबची अजान झाली की ही तिन्ही मंडळी एकाच दस्तरखानावर भेटतात. मैदा मेद्यात उतरतो आणि काही दिवसांनी मेद होऊन कमरेवर बसतो.

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, महाड, पनवेल, कुठल्याही गावात असरच्या नमाजनंतर बाजारात एक फेरी मारा. समोसे, पॅटिस, कांदाभजी, पाव, मालपुवे, नानखटाई, फालुदा. खजूर आणि फळे वगळली तर बहुतेक सगळे पांढऱ्या पिठाचे, तेलाचे आणि साखरेचे. हे फक्त रोजेदारांचे दुखणे आहे असे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या उपवासाच्या ताटातला साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला स्टार्च, त्यात चोथा जवळजवळ नाहीच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मराठीने काही इफ्तार पाहून केलेली नाही. आणि रोजचा वडापाव तर सर्वधर्मसमभावाचा उत्तम नमुना आहे. म्हणून निमित्त रमजानचे असले तरी बोलायचे आहे ते अख्ख्या गावाच्या ताटाबद्दल.

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या अंदाजानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि जवळपास ४० टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर धोक्याच्या रेषेपलीकडे गेला आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही मोहल्ल्यात, आळीत किंवा पाड्यात साखरेची गोळी घेणारा माणूस शोधावा लागत नाही.

रोजा हा वजन घटवण्याचा उपाय नाही, ती इबादत आहे. तरीही महिनाभर दिवसा बारा-तेरा तास अन्नपाणी वर्ज्य केल्यावर वजन उतरेल, असे कुणालाही वाटेल. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब असा, की रमजानमध्ये सरासरी एक-सव्वा किलो वजन कमी होते आणि ईदनंतर काही आठवड्यांत ते बरेचसे परत येते. याचा अर्थ सरळ आहे. उपाशी राहण्याचे तास आपण पाळतो, पण उरलेल्या तासांत ताटात काय येते याचा विचार करत नाही. त्या ताटातून गेल्या दोन पिढ्यांत गुपचूप नाहीशी झालेली वस्तू म्हणजे धान्याचा कोंडा, त्यातला चोथा.

चोथ्याला डॉक्टर ‘तंतुमय पदार्थ’ म्हणतात. आपल्या पाचकरसांना तो पचत नाही, म्हणून पूर्वी तो निरुपयोगी मानला जाई, फार तर पोट साफ ठेवणारा. मागच्या शतकात आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षे काम केले. भरपूर चोथा खाणाऱ्या तिथल्या ग्रामीण माणसांत मोठ्या आतड्याचे जे आजार क्वचित दिसतात, ते मैद्याचा पाव खाणाऱ्या पाश्चात्त्य देशांत सर्रास दिसतात, याकडे त्यांनी जगाचे लक्ष वेधले. पुढे विज्ञानाने त्यामागचे कारण शोधले. आपल्याला न पचणारा चोथा आपल्यातल्याच दुसऱ्या कुणाचे तरी जेवण असतो.

हे दुसरे कुणी म्हणजे मोठ्या आतड्यात राहणारे जिवाणू. त्यांची संख्या आपल्या शरीरातल्या पेशींच्या संख्येला तोडीस तोड आहे. मैदा, साखर, पांढरा भात हे सगळे वरच्या लहान आतड्यातच पचून रक्तात जाते, खाली त्यांच्यासाठी फारसे काही उरत नाही. चोथा मात्र शाबूत खाली पोहोचतो. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी आम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य इंधन आहे. ही आम्ले आतड्यातल्या काही पेशींना जागे करतात आणि त्या पेशी ‘आता पुरे’ असा निरोप मेंदूकडे पाठवणारी संप्रेरके सोडतात. त्यांतल्याच जीएलपी-१ नावाच्या संप्रेरकाची नक्कल करणारी महागडी इंजेक्शने सध्या वजन घटवण्यासाठी गाजत आहेत. भाकरीचा परिणाम इंजेक्शनाइतका जोरकस नसतो, हे खरेच. पण तो घरातला आहे, रोजचा आहे आणि त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

चोथा मिळालाच नाही तर? उंदरांवरच्या प्रयोगांत असे दिसले, की उपाशी राहिलेले काही जिवाणू आतड्याच्या आतल्या चिकट आवरणालाच खाऊ लागतात. हे आवरण झिजले की रोगजंतूंना पेशींपर्यंत वाट मिळते. म्हणजे आपण पोटभर जेवलो तरी आपल्यातली ही मंडळी उपाशी राहू शकतात, आणि त्यांचा उपवास आपल्याला सवाब देणारा नसतो.

लठ्ठपणाशी या जिवाणूंचा संबंध काय, याचे सर्वांत गाजलेले प्रयोग अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाले. २००६ मध्ये तिथल्या संशोधकांनी लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले. त्यांच्या अंगावर, सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा जास्त चरबी चढली. २०१३ मध्ये त्याच प्रयोगशाळेने अशा जुळ्या बहिणी घेतल्या, की एक लठ्ठ आणि दुसरी सडपातळ. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेले उंदीर अधिक चरबीचे झाले. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले तेव्हा सडपातळ बहिणीचे जिवाणू दुसऱ्यांत जाऊन त्यांना लठ्ठपणापासून वाचवू शकले. मात्र त्याला अट होती. खाणे कमी चरबीचे आणि भरपूर चोथ्याचे असेल तेव्हाच हे घडले. चांगले पाहुणे आले, पण घरात त्यांच्या खाण्यापिण्याची सोय नसेल तर ते मुक्काम करत नाहीत.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. माणसांवरचे पुरावे अधिक सावध आहेत. डेन्मार्कमध्ये सुमारे पन्नास प्रौढांना आठ आठवडे अख्ख्या धान्याचे आणि आठ आठवडे पांढऱ्या पिठाचे पदार्थ देऊन पाहिले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. अख्ख्या धान्यावर माणसे आपोआप कमी जेवली, वजन थोडे उतरले, शरीरातला दाहही कमी झाला. पण आतड्यातल्या जिवाणूंच्या वस्तीत मोठा बदल दिसला नाही. म्हणजे फायदा खरा, त्याचे सगळे श्रेय जिवाणूंना द्यायचे की नाही हा प्रश्न अजून खुला आहे. बाजारात ‘आतड्याचे जिवाणू सुधारा, महिन्यात बारीक व्हा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांकडे पाहताना एवढे लक्षात ठेवावे.

चोथ्याच्या एकूण उपयोगाबद्दल मात्र शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून अनेक देशांतल्या अभ्यासांचा मोठा आढावा घेण्यात आला आणि तो २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत कमी चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत भरपूर चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. सर्वाधिक लाभ दिवसाला २५ ते २९ ग्रॅम चोथ्यावर दिसला.

आता हा आकडा आपल्या ताटाला लावून पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा २.८ ग्रॅम, मैद्यातही साधारण तेवढाच. न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ११.४, नाचणीत ११.२, बाजरीत ११.५, ज्वारीत १०.२ आणि जवात १५.६ ग्रॅम. म्हणजे सहरीला १०० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी खाल्ली तर दिवसाची एक तृतीयांशाहून जास्त गरज तिथेच भागते. तेवढ्याच मैद्याचा पाव खाल्ला तर दहावा हिस्सादेखील जेमतेम.

आपल्या जिल्ह्याला हे धान्य परके आहे का? कुलाबा म्हणत होते त्या काळापासून हा भाताचा मुलूख. पेण-अलिबागच्या खारेपाटात समुद्राचे खारे पाणी सोसणारे लाल तांदळाचे ‘राता’ भात होते. काळा राता आणि भुरा राता ही नावे भाताच्या क्षार सोसणाऱ्या जातींच्या अभ्यासात आजही घेतली जातात. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर कातकरी, ठाकर, कुणबी नाचणी आणि वरी पिकवत आले. भात घिरटीवर भरडायचे, उखळात सडायचे, त्यामुळे दाण्यावर बराच कोंडा राहायचा. मग भातगिरणी आली आणि तांदूळ पांढराशुभ्र झाला. कोंडा गुरांना आणि तेलाच्या कारखान्यांना गेला. यात व्यापाऱ्यांचे सगळेच चुकले असे नाही. कोंड्यात तेल असते, ते खवट होते, म्हणून हातसडीचा तांदूळ फार दिवस टिकत नाही. पांढरा टिकतो, लवकर शिजतो आणि पाहुण्यांसमोर ‘शोभतो’.

या शोभेची किंमत जगाने एकदा मोजलेली आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर क्रिस्टियान आइकमान या डच डॉक्टरांना दिसले, की सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा असलेला तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. त्या शोधातून पुढे ब-१ जीवनसत्त्व हाती लागले आणि १९२९ मध्ये आइकमान नोबेलचे मानकरी ठरले. जीवनसत्त्व गोळीतून घेता येते. पण चोथा रोज ग्रॅमच्या हिशेबात लागतो, त्यामुळे तो ताटातूनच यावा लागतो. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की हातसडीच्या तांदळातही चोथा ४.४ ग्रॅमच आहे. नुसता तांदूळ बदलून भागणार नाही. नाचणी, ज्वारी, जव, डाळी यांना ताटात जागा द्यावी लागेल.

जवाचे तर रमजानशी जुने नाते आहे. मदिनेत सर्वसामान्यांचे धान्य जवच होते. सहीह बुखारीत एका सहाबींची आठवण नोंदलेली आहे. पैगंबरांच्या घरी चाळणी कधी वापरलीच गेली नाही, जव दळून वरचा फोलपटाचा भाग फुंकून उडवीत आणि राहिलेले पीठ मळून भाकरी करीत, असा तिचा आशय. जवाच्या पिठाची पातळ लापशी, तलबीना, आजारी आणि दुःखी माणसाला द्यावी असे हजरत आएशा सांगत. आखातात नोकरी केलेल्या आपल्या गावच्या मंडळींना ‘हरीस’ ठाऊक असेलच. अख्खा गहू तासन्‌तास शिजवून केलेला हा पदार्थ २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. आपला खिचडा त्याचाच भाऊबंद, त्यात गहू, जव, डाळी सगळे येते. म्हणजे परंपरेचा दाखला द्यायचा तर तो समोशाच्या बाजूने नाही, जवाच्या बाजूने आहे.

विज्ञानही इथे साथ देते. स्वीडनमध्ये लुंड येथे झालेल्या प्रयोगांत संध्याकाळी शिजवलेले अख्खे जव खाल्लेल्या लोकांची रक्तशर्करा दुसऱ्या दिवशी सकाळच्या न्याहारीनंतर कमी चढली. रात्रभर जिवाणूंनी जवावर केलेल्या कामाचा तो परिणाम असावा, असे संशोधक मानतात. रोजेदारासाठी याचा अर्थ असा, की इफ्तारला काय खाल्ले त्याचा हिशेब सहरीलाही लागू शकतो. तिथल्याच २०१५ च्या आणखी एका अभ्यासात तीन दिवस जवाचा पाव खाऊन काहींना फायदा झाला, काहींना झाला नाही. ज्यांना झाला त्यांच्या आतड्यात ‘प्रेव्होटेला’ जातीचे जिवाणू जास्त होते. तेव्हा सगळ्यांना सारखाच गुण येईल अशी हमी कुणी देऊ नये.

मग करायचे काय? घरापुरते बोलायचे तर रोजच्या इफ्तारमधला एक मैद्याचा पदार्थ कमी करून त्या जागी जवाची किंवा नाचणीची पातळ पेज, मूठभर उकडलेले चणे ठेवता येतात. सहरीला पावाऐवजी नाचणीची भाकरी, तांदळाच्या भाकरीची सवय सुटत नसेल तर निम्मे पीठ नाचणीचे. सोबत कालवण चालेल, मात्र सुकटीचे खारट कालवण सहरीला नको, दिवसभर तहान छळेल. नाचणीचे सत्त्व लहान मुलांसाठी चांगले; पण ते गाळून करतात, चोथा फडक्यात राहतो, म्हणून मोठ्यांनी भाकरी किंवा आंबीलच घ्यावी. इसबगोलाने पोट साफ होते, पण जिवाणूंना तो फारसा आंबवता येत नाही, त्यामुळे तो भाकरीची जागा घेऊ शकत नाही. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते, गॅस होतो. आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि इफ्तार ते सहरी भरपूर पाणी प्यावे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचे वा आतड्याचे दुखणे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बदल करावा.

मशिदींच्या जमातीलाही काही करता येईल. तमिळनाडूत मशिदींतून रोजा सोडताना ‘नोन्बू कंजी’ ही तांदूळ-डाळीची पेज वाटली जाते. आपल्या किनाऱ्यावरही एक पातेले जव-नाचणीच्या पेजेचे ठेवता येईल. खर्च भज्यांपेक्षा जास्त येणार नाही. रमजानमध्ये गरजूंना वाटल्या जाणाऱ्या शिध्यात मैदा आणि साखर जाते, तिथे चक्कीचे न चाळलेले पीठ आणि नाचणी जाऊ शकते.

आणि फित्रा. ईदच्या नमाजाआधी प्रत्येक माणसामागे द्यायचे हे दान. कोकणातले बहुसंख्य मुसलमान शाफई मसलकाचे, आणि या मसलकात फित्रा त्या भागातल्या मुख्य धान्याचा, माणशी एक साअ, म्हणजे साधारण अडीच किलो द्यायचा असतो. म्हणून आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या तांदळाचा. दाण्यावर कोंडा राहिला तरी तांदूळ तांदूळच असतो. त्याबद्दलचा मसला उलेमा सांगतील, पण गरिबाच्या घरी जे धान्य जाते ते त्याच्या तब्येतीला पोषक असावे, एवढा विचार तर आपण करू शकतो. घेणाऱ्याला तो तांदूळ हवा आहे का, हे आधी विचारावे. दान देताना स्वतःची हौस भागवू नये.

पण सगळा भार घरावर आणि दानावर टाकून चालणार नाही, कारण यात भावाचा प्रश्न आहे. स्वस्त आणि फुकट मिळते ते पांढरे धान्य, विकत घ्यावे लागते ते पौष्टिक. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरडधान्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. कर्नाटक आणि ओडिशा या राज्यांनी शेतकऱ्यांकडून नाचणी विकत घेऊन ती रेशनवर दिली आहे. २०२४-२५ साठी केंद्राने नाचणीला क्विंटलमागे ४,२९० रुपये हमीभाव ठरवला, साधारण भाताला २,३००. पण डोंगरावरच्या शेतकऱ्याला हा भाव तेव्हाच मिळेल, जेव्हा जवळ कुणी ती खरेदी करील. रायगडच्या वरकस जमिनीवरची नाचणी रायगडच्याच रास्तभाव दुकानात आली तर पिकवणाऱ्या कातकऱ्यालाही फायदा आणि खाणाऱ्या कोळ्यालाही. ही मागणी मशिदीच्या जमातीने, देवळाच्या मंडळाने आणि ग्रामसभेने एकत्र करायला हरकत नाही. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आपण साजरे केले. त्याचे फलक उतरले, नाचणी रेशनवर येणे बाकी आहे.

मराठीत काटकसरी आणि हुशार गृहिणीचे कौतुक ‘कोंड्याचा मांडा करणारी’ असे करतात. त्या कौतुकात गरिबीची व्यथा होती, कारण कोंडा हेच तिच्या वाट्याला आलेले असे. आज आपल्यावर उलटी वेळ आली आहे. मांडा सगळ्यांच्या घरी पोहोचला आणि कोंडा हरवला. रमजान संयम शिकवतो. त्या संयमात चाळणी जरा कमी हलवणे हेही धरले, तर ईदनंतरही त्याचा उपयोग होत राहील.